स्वातंत्र्यदेवी आणि तिची कविता

न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवीला आपण परक्यांचे स्वागत करणारी माऊली मानतो. परंतु फ्रान्सच्या लाबुले यांची ही कल्पना आणि बार्थोल्डी यांची ही मूर्ती त्यासाठी नव्हती. तिच्या पायाशी तुटलेल्या बेड्या आहेत, त्या गुलामगिरी संपल्याची खूण. २८ ऑक्टोबर १८८६ रोजी अनावरण झाले, तेव्हा चिनी मजुरांना मज्जाव करणारा १८८२ चा कायदा चालूच होता.

तिला आई केले ते एमा लाझारस या ज्यू कवयित्रीने. रशियातून जीव घेऊन आलेल्या ज्यू निर्वासितांची सेवा तिने केली होती. चौथऱ्याच्या निधीसाठी १८८३ साली लिहिलेल्या सुनीतात ग्रीकांच्या विजयी पुतळ्यासमोर तिने ही माता उभी केली. १८८७ साली ती वारली; कवितेची पाटी लागली १९०३ साली.

कविता थोर खरी, पण कायदा तिच्यामागून गेला नाही. १९१७ साली हिंदी लोकांना दार बंद झाले. १९४६ साली वर्षाला १०० जणांपुरते किलकिले झाले. पुरते उघडणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी याच पुतळ्यापाशी सही केली. त्यातही शिकलेल्यांना अग्रक्रम होता. आम्ही नर्सेस प्रमाणपत्रे दाखवून आत आलो; कवितेने हाक दिली ती निराधारांना.

नौगावच्या किनाऱ्याला लागलेल्या आपल्या पूर्वजांजवळ कसले प्रमाणपत्र होते? नातवंडांना पुतळा दाखवाल तेव्हा हेही सांगा.