पेशरस : इब्ने सफींच्या उत्तरायुष्याचा रोजनामा

रहस्यकथा लिहिणाऱ्याचे आयुष्यही रहस्यमय असले पाहिजे, अशी वाचकांची उगीचच समजूत असते. इब्ने सफी (असरार अहमद, १९२८-१९८०) यांच्याविषयी आपल्याकडे जे थोडेफार बोलले जाते तेही याच थाटाचे असते. 'जासूसी दुनिया'ची सव्वाशे पुस्तके, 'इम्रान सिरीज'ची एकशेवीस, आणि मग सुस्कारा. आकडा सांगितला की टीका संपली. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या (१९०६-१९९६) वाट्यालाही हेच आले. हजारावर रहस्यकथा लिहिल्या, एवढे वाक्य सगळ्यांना पाठ. झुंजार किंवा काळा पहाड नीट वाचून त्यावर चार पाने लिहिणारा समीक्षक मात्र दिवा घेऊन शोधावा लागतो.

आम्हाला येथे इब्ने सफींच्या शेवटच्या सतरा वर्षांकडे, म्हणजे १९६३ ते १९८० या काळाकडे पाहावयाचे आहे. त्यासाठी पुरावा कोठे आहे? त्यांच्याच पुस्तकांत, पहिल्या पानावर. कादंबरी सुरू होण्यापूर्वी ते एक छोटे टिपण लिहीत, त्याला नाव 'पेशरस'. फारसीत हंगामाआधी पिकलेल्या फळाला पेशरस म्हणतात. वाचक हे पान बहुधा उलटून पुढे जातो, कारण त्याला खून कोणी केला ते हवे असते. पण हीच पाने ओळीने वाचली तर एका लेखकाचा रोजनामा हाती लागतो. पुस्तकाला उशीर का झाला, तब्येत कशी आहे, 'सफी' हे शेपूट लावून नकली पुस्तके कोण विकतो आहे, कोणा वाचकाला फरीदी हवा आणि कोणाला इम्रान, कोणी प्रणयप्रसंगांची फर्माईश केली आहे. सगळ्यांना उत्तर, तेही चिमटा काढून. ते अलाहाबादेत काही काळ शाळामास्तर होते. हा सूर आम्हा मास्तर लोकांना चटकन ओळखू येतो. वर्गात एकाला उत्तर द्यायचे आणि बाकीच्या चाळिसांना हसवायचे!

१९५२ साली अलाहाबादेत अब्बास हुसैनींनी 'जासूसी दुनिया' काढले आणि त्याच वर्षी इब्ने सफी कराचीला गेले. लिहिणारा कराचीत, छापणारा अलाहाबादेतही. सरहद्द मध्ये आली तरी वाचक एकच राहिला. हिंदी आवृत्तीत फरीदीचा विनोद झाला आणि इम्रानचा राजेश. हमीद मात्र हमीदच राहिला. आमच्या नाचणगावात आणि शेजारी पुलगावात अशी जुनी मंडळी आहेत की ज्यांनी राजेश वाचला, पण तो मुळात इम्रान होता हे त्यांना ठाऊक नाही.

१९६० ते १९६३ अशी तीन वर्षे लेखणी बंद पडली. आजार मनाचा होता, स्किझोफ्रेनियाचा. कराचीतल्या एका हकीमांच्या उपचाराने ते सावरले आणि १९६३ च्या नोव्हेंबरात 'डेढ मतवाले' घेऊन परतले. या पुनरागमनाच्या कथा रंगवून सांगितल्या जातात. आमच्या दृष्टीने त्यापुढचा हिशेब अधिक बोलका आहे. आजारानंतर त्यांनी 'जासूसी दुनिया'ची चाळिसाच्या आत पुस्तके लिहिली, तर इम्रानची ऐंशीच्या घरात. आधी पारडे याच्या उलट होते. फरीदी म्हणजे कायदा, शिस्त, पोलादी मन. इम्रान म्हणजे ऑक्सफर्डची पीएच.डी. घेऊन चेहऱ्यावर वेडेपण पांघरणारा माणूस, बापाने घराबाहेर काढलेला, स्वयंपाकी सुलेमानशी डाळीवरून हुज्जत घालणारा. ज्याने स्वतःचे मन विस्कटलेले पाहिले, त्याला पोलादी मनाच्या नायकाजवळ फार वेळ बसवले नसावे. हा आमचा तर्क आहे. परंतु पुस्तकांचा क्रम त्याच्या बाजूने उभा आहे.

उत्तरकाळातल्या सगळ्याच कादंबऱ्या सरस आहेत असे आम्ही म्हणणार नाही. एकच मोहीम चार-पाच पुस्तकांत ताणली की मधले पुस्तक नुसते वाट पाहायला लावते. परदेशी टोळ्या, जंगले, अजब यंत्रे यांची गर्दी होते आणि गुन्ह्याचा धागा सैल पडतो. १९७४ साली त्यांच्या कथेवर 'धमाका' हा चित्रपट निघाला. त्यावर येथे वेळ घालवण्याचे कारण नाही. पण याच कादंबऱ्यांत इम्रानच्या फ्लॅटमधला स्वयंपाकघराचा प्रसंग आला की भाषा एकदम जिवंत होते. सुलेमानची पगाराची कुरकूर, जोसेफचे तत्त्वज्ञान, पुढे सुलेमानच्या संसारात आलेली गुलरुख. जगाला वाचवणाऱ्या माणसाच्या घरात चहा वेळेवर मिळत नाही! उर्दू अदबात मध्यमवर्गीय घरातली बोलाचाली इतक्या कमी शब्दांत पकडणारे फार नाहीत. आम्ही सातवी-आठवीच्या मुलांना संवादलेखन शिकवताना पाठ्यपुस्तकापेक्षा हीच पाने उघडतो. जी मुले उर्दूचे पुस्तक पाहिले की जांभई देतात, ती 'सर, पुढे?' म्हणतात.

अदबवाल्यांनी मात्र या माणसाला बराच काळ ओसरीवरच उभे ठेवले. शम्सुर्रहमान फारुकींसारख्या मोठ्या समीक्षकाने त्यांच्या चार कादंबऱ्या इंग्रजीत आणल्या, तेव्हा २०११ साल उजाडले होते. त्याआधी कित्येक घरांतून हे पुस्तक उशीखाली वाचले जाई आणि पाहुण्यांपुढे इक्बाल-गालिब मांडले जात. वास्तविक इब्ने सफी स्वतः शायर होते, असरार नारवी या नावाने लिहीत. त्यांचा काव्यसंग्रह हयातीत निघाला नाही. दर महिन्याला पुस्तक मागणाऱ्या वाचकाने शायराचा वेळ खाल्ला, असे कोणी म्हणेल. 'पेशरस' वाचताना आम्हाला तसे वाटत नाही. तेथे तक्रार आहे, पण ती उशीर झाल्याची. कमी दर्जाचे काम करावे लागते आहे अशी नाही.

१९७९ च्या उत्तरार्धात पोटाचे दुखणे सुरू झाले. ते स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निघाले. दुखणे अंगावर घेऊन लिहिणे चालूच होते. २६ जुलै १९८० रोजी, फजरच्या सुमारास, कराचीत त्यांचा इंतेकाल झाला. इम्रान सिरीजची एक कादंबरी अपुऱ्या अवस्थेत उशाशी होती. तिचे नाव 'आखरी आदमी'.