पौगंडावस्थेतील प्राणी, लिंगभेद आणि गांजाची द्रव्ये

गांजाचे पीक काढणाऱ्यास लिंगभेदाचे महत्त्व शिकवावे लागत नसे. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर जिल्ह्यात या पिकाची लागवड होत असे. फुलोऱ्यात बी धरू नये म्हणून नर झाडे वेळीच उपटून टाकावयाची, हे या शेतीतील मर्म. झाडाविषयी इतका जुना असलेला हा विवेक, ते झाड ज्या प्राण्यांना खाऊ घातले त्यांच्याविषयी मात्र फार उशिरा सुचला, हे नवलच म्हटले पाहिजे. १८३९ साली कलकत्त्यास ओशॉनेसी याने अनेक प्राण्यांवर प्रयोग केले. कुत्रा, मांजर, गिधाड यांस नशा सहज चढते, घोडा, हरिण, गाय यांच्यावर परिणाम अल्प होतो, असे त्याने नोंदविले. ही वर्गवारी आहारावरून केलेली होती, नरमादीवरून नव्हे.

पुढील शतकानेही ही उणीव भरून काढली नाही. मज्जासंस्थेच्या संशोधनात केवळ नरांवर केलेले प्रयोग केवळ माद्यांवरील प्रयोगांच्या साडेपाच पट आहेत, असे बीरी व झुकर यांनी २०११ मध्ये दाखवून दिले. मादीच्या ऋतुचक्रामुळे निष्कर्ष अस्थिर होतात, ही त्यामागील नेहमीची सबब. २०१४ मध्ये २९३ निबंधांच्या छाननीतून उंदरांपुरती तरी ती निराधार ठरली.

या पार्श्वभूमीवर रुबिनो, पारोलारो व त्यांचे सहकारी यांनी इटलीत करून २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग निःसंशय मोलाचा आहे. उंदरांच्या वयाच्या ३५ ते ४५ या दिवसांत नर व मादी या दोहोंना गांजातील मादक द्रव्य, म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, वाढत्या मात्रेने देण्यात आले. मग ७५ व्या दिवसापर्यंत त्यांना स्वस्थ ठेवून परीक्षा घेतली. माद्या पाण्यात लवकर हातपाय गाळू लागल्या आणि साखरेच्या पाण्याची त्यांची ओढ ओसरली. नरांच्या वर्तनात लक्षणीय फरक आढळला नाही. भयाच्या कसोट्यांत दोन्ही गट निर्दोष निघाले. पहिल्या कसोटीच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. तथापि साखरेच्या कसोटीने तिला दुजोरा दिल्यामुळे निष्कर्ष सहज झटकून टाकता येत नाही.

आक्षेप आहे तो तुलनेच्या पायावर. मादी उंदराच्या तारुण्यागमनाचे बाह्य चिन्ह सुमारे ३५ व्या दिवशी प्रकटते, तर नराचे त्रेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे याच अकरा दिवसांत माद्या वयात येऊन चुकल्या होत्या आणि नर बहुतांशी उंबरठ्यावरच होते. पंचांगाने दोघांचे वय एक, पण देहाच्या हिशेबाने नव्हे. मग दिसलेला फरक लिंगाचा की अवस्थेचा? या प्रयोगाच्या रचनेत त्याचे उत्तर मिळत नाही.

दुसरी अडचण मात्रेची. वजनाच्या प्रमाणात दिलेली मात्रा सारखी असली, तरी शरीरात घडणारे सारखेच असेल असे नाही. प्रौढ मादी उंदराचे यकृत या द्रव्याचे जे रूपांतर विशेषेकरून करते, ते ११-हायड्रॉक्सी रूपही मादकच असते. नराच्या यकृतात त्याचे प्रमाण बरेच कमी. तेव्हा मादीचा मेंदू अधिक नाजूक, असे म्हणण्यापूर्वी त्या मेंदूपर्यंत काय व किती पोहोचले हे मोजणे आवश्यक होते. तारुण्यचिन्हांवरून मात्रेचा काळ ठरविणे आणि रक्तातील दोन्ही द्रव्ये मोजणे, या दोन गोष्टी फारशा खर्चिकही नाहीत.

हा काथ्याकूट प्रयोगशाळेपुरता नाही. वसई तालुक्यातील कळंब किंवा निर्मळ येथील शाळेत व्यसनाविषयी बोलणाऱ्या एखाद्या वक्त्याने ‘गांजा मुलींना बाधतो, मुलांना नाही’ एवढेच सार या निबंधातून उचलले, तर समोरच्या बाकांवरील मुले त्यातून नेमका कोणता अर्थ घेतील, हे सांगावयास नको. शिवाय ते सारही अपुरे आहे. याच निबंधात नरांच्या मेंदूतील, भावना व स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या दोन भागांत, या द्रव्याच्या ग्राहींशी संबंधित बदल आढळल्याची नोंद आहे. ते प्राणी बाहेरून मात्र धडधाकट दिसत होते.