आज्ञा आणि काळ : लिनक्सवरील नेटवर्क-साधनांचे एक परीक्षण

लिनक्स सर्व्हरवरील नेटवर्क-साधनांची चर्चा बहुधा जुने व नवे या एकाच निकषावर केली जाते. हा निकष अपुरा आहे. साधन हीही एक भाषा होय. तिच्यात काय बोलता येते एवढेच नव्हे, तर बोललेले केव्हापासून व कोठवर लागू होते, हेही पाहावयास हवे.

‘इफकॉन्फिग’ ही आज्ञा १९८३ मधील ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीतून आली. तिच्या जोडीच्या ‘राउट’, ‘एआरपी’ व ‘नेटस्टॅट’ या आज्ञांचे व्याकरण मात्र निरनिराळे. ‘आयपी’ या आज्ञेने आधी नाम, मग क्रियापद असा एकच क्रम रूढ केला : ‘आयपी ॲड्रेस ॲड’, ‘आयपी राउट ॲड’. मराठी वाक्यरचनेस तो जवळचाच आहे. डेबियनच्या नवव्या आवृत्तीपासून (२०१७) जुन्या आज्ञांचा संच मूळ स्थापनेत येत नाही. केवळ सवयीखातर त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ‘आयपी’ने लेबलावाचून जोडलेला दुय्यम पत्ता ‘इफकॉन्फिग’ दाखवीत नाही, आणि जे दिसत नाही ते नाहीच, असा ग्रह होतो.

तथापि ‘आयपी’चा गौरवही बेतानेच करावयास हवा. तिला केवळ वर्तमानकाळ आहे. तिने केलेला बदल कर्नलमध्ये तत्काळ होतो, परंतु सर्व्हर पुन्हा सुरू होताच लोपतो. याउलट ‘एनएमसीएलआय’ची ‘कनेक्शन मॉडिफाय’ ही आज्ञा भविष्यकाळी आहे : बदल फायलीत नोंदला जातो, पण ते कनेक्शन पुन्हा कार्यान्वित करीपर्यंत लागू होत नाही. उबंटूने १७.१० या आवृत्तीपासून (२०१७) स्वीकारलेल्या ‘नेटप्लॅन’च्या यॅमल फायलीत तर आज्ञाच नसते, असते ते इष्ट स्थितीचे विधान. ते अमलात आणण्याचे काम ‘सिस्टमडी-नेटवर्कडी’ वा ‘नेटवर्कमॅनेजर’ करतो.

दोषशोधन अवघड होते ते हे काळ एकमेकांत मिसळल्यामुळे. म्हणून फायलीतील लेख व कर्नलमधील स्थिती स्वतंत्रपणे तपासावी. त्यानंतर जोडणी, पत्ता, मार्ग आणि नाम या क्रमाने पुढे जावे. अंकी पत्त्यावर संपर्क होतो पण नावाने होत नाही, तेव्हा मार्गाकडे बोट दाखविणे व्यर्थ होय.

दूरस्थ सर्व्हरच्या बाबतीत हा प्रश्न केवळ विवेचनाचा राहत नाही. ज्या मार्गाने आपण तेथे पोहोचलो तोच मार्ग बदलणे म्हणजे बसलेली फांदी तोडणे होय. ‘नेटप्लॅन ट्राय’ ही आज्ञा १२० सेकंदांत संमती न मिळाल्यास पूर्वस्थिती परत आणते. चुकीच्या वाक्यास मागे घेण्याची ही सोय ‘आयपी’त नाही, या साधनाचा खरा गुण तोच.

तात्पर्य, स्थायी रचनेसाठी त्या वितरणाने स्वीकारलेले साधनच वापरावे, निरीक्षणासाठी ‘आयपी’ वापरावी, आणि एका इंटरफेसवर दोन कारभारी कदापि नेमू नयेत. साधनाचे वय हा निवडीचा आधार नव्हे. त्याचे विधान कोणत्या काळातले आहे, हे जाणणे हाच तो आधार.