छायाचित्र, करुणा आणि साधारणीकरण

एडवर्ड स्टायकेन यांनी १९५५ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मांडलेल्या 'द फॅमिली ऑफ मॅन' या प्रदर्शनात ६८ देशांतील ५०३ छायाचित्रे होती. प्रेम, जन्म, श्रम, मृत्यू अशी त्यांची गुंफण होती आणि चित्रांच्या जोडीला जगभरची सुभाषिते. माणूस सर्वत्र एकच, हे त्याचे प्रतिपाद्य. रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये त्यावर घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे: जन्म सार्वत्रिक असेल, पण मूल कोणत्या परिस्थितीत जन्मते आणि जगते की नाही, हा इतिहासाचा प्रश्न आहे, निसर्गाचा नव्हे.

आपल्या परिभाषेत हा वाद साधारणीकरणाचा आहे. 'शाकुंतला'तील भयभीत हरिणाचा दाखला देऊन अभिनवगुप्त सांगतो, की ते भय देश, काल आणि व्यक्ती यांच्या बंधनातून सुटलेले असते. परंतु ते हरिण काव्यातले आहे. त्याच्या साधारणीकरणाची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. छायाचित्रातील व्यक्ती मात्र कॅमेऱ्यासमोर खरोखर असते, आणि चित्र पाहून झाल्यावरही तिचे आयुष्य चालूच राहते. रसचर्चा छायाचित्राला जशीच्या तशी लावणाऱ्यांनी हा भेद सहसा विचारात घेतलेला नाही.

डोरोथिया लँग यांचे 'मायग्रंट मदर' याच प्रदर्शनात होते. १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, गोठून गेलेल्या वाटाण्याच्या पिकाशेजारच्या मजुरांच्या तळावर ते टिपले गेले. वृत्तपत्रात छायाचित्रे येताच तळावर अन्न पोहोचले; ते कुटुंब तोवर पुढे निघून गेले होते. लँग यांनी त्या स्त्रीचे वय टिपले, नाव विचारले नाही. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन असल्याचे १९७८ मध्ये उघड झाले. छायाचित्र काढू द्यायला नको होते, त्यातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, असे तिचे म्हणणे होते. ती चेरोकी वंशाची होती, हेही उशिराच कळले. अमेरिकेने जिला दुष्काळी काळातील आपली प्रातिनिधिक माता मानले, तिच्या पूर्वजांची भूमी त्याच अमेरिकेने हिरावली होती. चित्रातील करुणेला हे ठाऊक नव्हते; ठाऊक असते तर ती इतकी सहज उमटली असती का?

तरीही बार्थ यांचा निवाडा मला अपुरा वाटतो. तादात्म्याशिवाय प्रेक्षक चित्रापुढे थांबतच नाही. तळावर अन्न गेले ते त्या क्षणिक तादात्म्यामुळेच. (सततच्या दर्शनाने संवेदना बोथट होते, हे १९७७ मधील आपले मत सुसान सोंटॅग यांनी २००३ मध्ये स्वतःच पुन्हा तपासले, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.) दोष तादात्म्याचा नाही, तेथेच थांबणाऱ्या मांडणीचा आहे. दुसरी मांडणी लँग यांनीच पूर्वी करून दाखवली होती. पॉल टेलर यांच्यासह १९३९ मध्ये सिद्ध केलेल्या 'ॲन अमेरिकन एक्झोडस'मध्ये छायाचित्रांशेजारी सुभाषिते नाहीत. तेथे स्थलांतरितांचे स्वतःचे शब्द आहेत: जमीन कशी गेली, ट्रॅक्टर आल्यावर काय झाले, मजुरी किती मिळते.