घुमटाचा शोध आणि मांडोचे मर्म

गोव्याच्या ख्रिस्ती समाजाने भारतीय संगीताला जे दिले, त्यात मांडो या गीतप्रकाराचे स्थान फार वरचे आहे. त्याच्या शब्दांविषयी, रचनाकारांविषयी आणि नृत्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याला साथ करणाऱ्या घुमटाचा विषय निघाला, की मात्र ‘ते आता मिळत नाही’ या एका वाक्यावर चर्चा संपते. या वाक्यात तथ्य किती आणि सबब किती, हे तपासून पाहण्याचा आमचा हेतू आहे.

घुमट म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेला मातीचा घडा. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवतात. लहान तोंड मोकळे ठेवतात. उजवा हात कातड्यावर बोल काढतो, तर डावा तळवा लहान तोंड कमीअधिक झाकून आतल्या हवेला आवर घालतो. तळवा उचलला, की नाद मोकळा होऊन घुमतो. टेकवला, की तो दबतो. कातडे परंपरेने घोरपडीचे असे. ते पातळ व चिवट असल्याने नाद टणक आणि स्वच्छ निघतो, असे जुने वादक सांगतात. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिले. पहिल्या अनुसूचीतील या प्राण्याच्या शिकारीस किमान ३ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. पुढे बकऱ्याच्या कातड्याची घुमटे वाजू लागली आणि २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले.

मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन समाजाच्या लग्नगीतांनाही घुमटाची साथ असे. म्हणून आमच्या धर्मग्रामातील गायकवृंदासाठी एक चांगले घुमट मिळवावे, असे आम्ही ठरवले आणि जवळजवळ दोन वर्षे त्यापायी पायपीट केली. मुंबईच्या वाद्यांच्या दुकानांत नाव उच्चारताच विक्रेत्यांच्या डोळ्यांपुढे इमारतीचा घुमट उभा राही. कोणी ढोलकी पुढे करी, कोणी घटम्. गोव्यात पोहोचलो तेव्हा चतुर्थी होऊन गेली होती आणि घुमटांचा बाजार उठला होता. कुंभाराकडे घडे होते, पण कातडे चढवणारा कारागीर परगावी गेलेला. एका दुकानात सुंदर रंगवलेली घुमटे मिळाली. ती दिवाणखान्यात मांडण्यासाठी होती, थाप मारताच मुकी निघाली. एका गृहस्थाने आवाज खाली आणून ‘अस्सल’ घुमट मिळवून देण्याची तयारी दाखवली. अस्सल या शब्दाचा अर्थ ध्यानी येताच आम्ही त्याचा निरोप घेतला. अखेर बकऱ्याच्या कातड्याचे एक बऱ्यापैकी घुमट हाती आले, आणि तेव्हाच खरी अडचण उभी राहिली. आमच्या तरुणांचा उजवा हात ढोलकीवर तयार झालेला होता; तो घुमटावरही सफाईने चालला. डावा हात मात्र ते घडा धरण्यापुरताच वापरीत. लय होती, घुमारा नव्हता.

हा घुमारा मांडोला कशासाठी हवा? मांडो एकोणिसाव्या शतकात घडला, तो मुख्यतः साष्टी तालुक्यातील कुडतरी, लोटली, बाणावली अशा गावांच्या सुखवस्तू ख्रिस्ती घराण्यांत. धर्मग्रामांच्या शाळांतून स्वरलेखन व व्हायोलिन शिकलेले लोक त्याचे कर्ते होते. त्याची ६/४ची संथ चाल, एकाखाली एक चालणारे दोन आवाज आणि व्हायोलिनची लांब ओढ ही सारी युरोपीय शिक्षणाची फळे. घुमट मात्र याच मातीतले, कष्टकऱ्यांच्या अंगणातले. मांडोत हे दोघे शेजारी बसतात. व्हायोलिन विरहाचे दुःख वर उचलून धरते. घुमट त्याला पुन्हा जमिनीवर आणते. तोर्क्वातो द फिगेरेदो (१८७६–१९४८) यांच्या ‘अदेउस कोरचो वेळ पावलो’ या प्रसिद्ध मांडोची थोरवी आम्हांस या तोलातच दिसते. निरोपाचे गाणे सहज रडगाणे होऊ शकते. तळव्याखाली दबणारा आणि पुन्हा मोकळा होणारा घुमटाचा नाद त्या दुःखाला श्वास देतो, पण त्याला वाहवत जाऊ देत नाही. पुढे दुलपद सुरू होते, चाल द्रुत होते आणि तोच नाद पावलांना उठवतो. शोकापासून उल्हासापर्यंतचा हा पूल घुमटच बांधते.

म्हणून आम्ही ऐकलेल्या काही नव्या ध्वनिमुद्रणांविषयी आमची तक्रार आहे. त्यांत घुमटाच्या जागी कीबोर्डमधला तयार ठेका आहे. मात्रा चुकत नाहीत, पण प्रत्येक आघात सारखाच. असा ठेका वेळ मोजतो. गायकाचा श्वास कोठे अडखळला, हे त्यास कळत नाही. व्हायोलिन तसेच राहते आणि मांडो परदेशी दिवाणखान्यातल्या गोड गाण्यासारखा वाटू लागतो. त्याचे गोवेकरपण केवळ कोंकणी शब्दांपुरते उरते.

दुसऱ्या बाजूला घोरपडीच्या कातड्यासाठी हळहळणारे रसिक आहेत. नादात फरक पडतो, हे त्यांचे म्हणणे आम्ही नाकारत नाही. बकऱ्याचे जाड कातडे तितके तेजस्वी बोलत नाही. परंतु एका मुक्या जिवाच्या प्राणावर उभे राहिलेले सौंदर्य आज आपल्याला मागता येणार नाही, आणि ते आपल्या हक्काचेही नाही. शिवाय या हळहळीत एक सोय दडलेली असते. दोष कातड्यावर ढकलला, की स्वतःच्या न शिकलेल्या हाताविषयी कोणी विचारत नाही. मातीचा घडा तोच आहे, त्याचे लहान तोंड आजही उघडेच आहे. त्यावर तळवा ठेवण्यास कोणत्याही कायद्याने बंदी केलेली नाही.

बंदीचा विषय निघाला आहे, तर आमच्या ख्रिस्तसभेचा इतिहासही लपवू नये. गोव्याच्या इन्क्विझिशनच्या १७३६च्या आज्ञापत्राने ख्रिस्ती घरांतील देशी चालीरीतींवर कडक बंधने घातली. लग्नातली देशी वाद्ये व ओव्याही त्यांतून सुटल्या नाहीत. पुढे त्याच समाजाने घुमट मांडीवर घेऊन मांडो रचला, हे त्या बंधनांना लोकांनी दिलेले शांत उत्तर होय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३च्या उपासनाविषयक संविधानात स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, असे सांगितले. तो मान शब्दांनी देऊन झाला आहे. हातांनी द्यावयाचा राहिला आहे.

एके काळी धर्मग्रामाच्या शाळेने गावोगावच्या मुलांच्या हाती व्हायोलिन दिले, म्हणून मांडो जन्मला. आज त्याच धर्मग्रामांनी घुमटाचे वर्ग भरवावेत. गोव्यात चतुर्थीच्या आरतीला घुमट वाजवणारे कलावंत घरोघरी आहेत. शेजारधर्माने त्यांना बोलवावे आणि त्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसावे. वाद्य मिळवण्यास आम्हांस दोन वर्षे लागली. डावा हात तयार होण्यास कदाचित याहून अधिक लागतील. पण दुर्मीळ झालेली वस्तू ती आहे, आणि शोध घ्यावयाचा तो तिचाच.