न दिसलेला वाचक

दिवाळीचा अंक घरात आला, की तो आधी कोणाच्या हाती पडावा यावरून माझ्या लहानपणी आमच्या घरी दरवर्षी तंटा होई. वडील तो उशाखाली घेऊन निजत आणि बहीण तो पहाटे अलगद पळवी. अखेर निवाडा आजीपाशी जाई. आजीला अक्षरओळख नव्हती. ती म्हणे, "कुनीबी वाचा, पर मोठ्यानं वाचा." मग फराळाचे ताट मध्ये ठेवून एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असा आमचा पाडवा साजरा होई. वडील मधली काही पाने हळूच गाळीत. आजीला ते कळत नसे. तिला कथा मिळे, पण ती वाचणाऱ्याच्या मर्जीइतकीच मिळे. ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला मात्र चाळिशी उलटावी लागली.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. या काळात आपल्या समीक्षेने लेखकाची भरपूर चर्चा केली. त्याची अनुभूती, त्याची शैली, त्याची बांधिलकी, सारे काही पारखून झाले. वाचकाविषयी मात्र आपण एक गोष्ट न बोलताच गृहीत धरली. ती ही, की त्याला दिसते.

गेल्या दिवाळीत माझी एक कथा एका अंकाने कागदाबरोबर इंटरनेटवरही प्रसिद्ध केली. मी हौसेने ती ओळखीच्या सर्वांना मोबाईलवरून पाठवली. त्यांत माझा एक जुना विद्यार्थी होता. येथेच, पेठ वडगावात, तो माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसे. ऐन विशीत दुखण्याने त्याची दृष्टी गेली. आता तो मोबाईलवर बोट फिरवतो आणि मोबाईल त्याला वाचून दाखवतो. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "गुरुजी, तुमची गोष्ट उघडली, पर ती बोलंना की! नुसतं 'चित्र, चित्र' म्हणतीया."

अंकाचे नाव मी सांगत नाही, कारण निम्मा दोष माझाच होता. संपादकांनी छापील पानांची छायाचित्रे काढून ती तशीच चढवली होती. त्यांनी तसे केले, कारण मी कथा टंकून दिली होती ती एका जुन्या फाँटमध्ये. या जुन्या फाँटांची गंमत अशी, की रोमन अक्षरांच्या जागांवर त्यांनी देवनागरीची रूपे बसवलेली असतात. डोळ्यांना पडद्यावर 'कमळ' दिसते, पण यंत्राच्या पोटात रोमन अक्षरे, कंस आणि डॉलरच्या खुणा यांची मिसळ असते. डोळस माणूस फसतो आणि खूश होतो. वाचून दाखवणारे यंत्र फसत नाही, ते जे आहे तेच बोलते. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःची जागा देणारी युनिकोडची पद्धत १९९१ साली आली. तीत लिहिलेला मजकूर कोणतेही यंत्र ओळखते. एवढी वर्षे ती सोय हाताशी असून मी जुनीच सवय धरून बसलो होतो.

यावर कोणी म्हणेल, की हा तंत्राचा प्रश्न झाला, साहित्यसमीक्षेचा याच्याशी काय संबंध? मला वाटते, संबंध अगदी मुळाशी आहे. दुसऱ्याने वाचलेले ऐकणे आणि आपण वाचणे यांत फरक आहे. मी त्या विद्यार्थ्याला म्हणालो, "मी तुला कथा माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित करून देतो." तो म्हणाला, "नको गुरुजी. तुम्ही वाचलासा, की कुठं हसायचं, कुठं रडायचं, ते तुम्हीच ठरवनार. मला मजकूर द्या." हे वाक्य मी फार दिवस मनात घोळवले. यंत्राचा आवाज सपाट असतो, त्याला ना कीर्तनकाराची लय, ना नटाचा कंप. पण त्या सपाटपणामुळेच अर्थ लावण्याचे काम वाचकाकडे राहते. एखादा शब्द अडला, की तो मागे जाऊ शकतो, अक्षर अक्षर सुटे करून ऐकू शकतो. आमच्या आजीला हे जमले नसते.

शब्द किती काळजीने लिहावा याचाही धडा येथे मिळतो. 'आचार्यांना वाढा' आणि 'आचाऱ्यांना वाढा' यांत एक बारीक रेघ तेवढी वेगळी, पण एका पंगतीत गुरू जेवतात आणि दुसरीत स्वयंपाकी. डोळस वाचक संदर्भावरून चूक सावरून घेतो. यंत्र भाबडे असते, त्याच्या हाती जे द्यावे त्यावर ते विश्वास ठेवते.

आता चित्रांकडे वळू. इंटरनेटवरच्या चित्रामागे चार शब्दांचे वर्णन ठेवण्याची सोय असते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण वाचणारे यंत्र ते बोलून दाखवते. बहुतेक जागी हे वर्णन नसतेच. कोठे असले, तर 'चित्र क्रमांक तीन' एवढेच. मुखपृष्ठावर दारात पणती लावणारी मुलगी आहे, तिची सावली भिंतीवर तिच्याहून मोठी पडली आहे, हे दोन वाक्यांत सांगायला काय अवघड आहे? पण ती दोन वाक्ये लिहायला बसले, की कळते की आपण चित्र नीट पाहिलेच नव्हते. सावली आधी सांगायची की मुलगी? मी हा पाठ वर्गात मुलांना देऊन पाहिला. ज्यांचे निबंध अलंकारांनी वाकलेले असत, ती मुले अडखळली. साधे, नेमके लिहिणारी मुले पुढे गेली. गद्याची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही.

अशा लेखनाचे आंतरराष्ट्रीय नियम १९९९ साली प्रथम प्रसिद्ध झाले. २००८ साली त्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा ते चार तत्त्वांवर उभे केले गेले. मजकूर जाणवला पाहिजे, हाताळता आला पाहिजे, समजला पाहिजे आणि निरनिराळ्या यंत्रांवर टिकला पाहिजे. बहिऱ्या माणसासाठी चित्रफितीखाली शब्द हवेत. ज्याचे हात थरथरतात त्याला केवळ कळफलकावरून सारे करता आले पाहिजे. पिवळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे नकोत. या शेवटच्या नियमाने तर मोतीबिंदू झालेल्या प्रत्येक घरातल्या आजोबांची सोय होते. हे चारही नियम वाचताना मला वाटले, की जुन्या रसिकांनी कवितेकडून तरी याहून वेगळे काय मागितले होते?

आपल्याकडे ही परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. विदर्भातले गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले. त्यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचवून घेतले आणि १९१५ साली देह ठेवण्यापूर्वी शंभराहून अधिक ग्रंथ सांगून लिहवले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. पण अशी बुद्धी आणि असे निष्ठावंत वाचक शेकडो वर्षांत एखाद्यालाच लाभतात. सामान्य माणसाने काय करावे? लुई ब्रेलने एकोणिसाव्या शतकात सहा ठिपक्यांची लिपी दिली. १९५१ साली भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली. स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले आणि मराठी माणसाच्या बोटांखाली बातमी आली. पण ब्रेलचे पुस्तक जाड होते, महाग पडते, आणि उशिरा दृष्टी गमावलेल्यांपैकी अनेकांना ती लिपी येत नाही. त्यांना यंत्राचा आवाज हाच आधार. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली संगणकासाठी असे एक वाचक-यंत्र रचायला घेतले. पुढे जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला, आणि त्यांनी ते जगाला फुकट दिले.

कायदाही आता पाठीशी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने, अपंग वाचकांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून देणे हा लेखकाच्या हक्काचा भंग नाही, हे स्पष्ट झाले. याच हेतूने २०१३ साली माराकेश येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला २०१४ मध्ये सर्वांआधी मान्यता देणारा देश भारत होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती सर्वांना मिळेल अशा रूपात असावी, असे सांगितले. त्याच वर्षी 'सुगम्य पुस्तकालय' हे इंटरनेटवरचे ग्रंथालय सुरू झाले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरील सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या खटल्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेली माणसे होती. ओळख पटवण्यासाठी यंत्र त्यांना डोळ्यांची उघडझाप करायला सांगत होते, आणि त्यांना ती करता येत नव्हती.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात एकोणतीस लाखांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली. यांतले कितीतरी जण आपले वाचक होऊ शकले असते. आपण त्यांना नाकारले नाही, ते आपल्याला दिसलेच नाहीत. आंधळेपण कोणाच्या बाजूला होते, ते ज्याचे त्याने ठरवावे.

माझ्यापुरते मी एवढे केले. कथा युनिकोडमध्ये पुन्हा टंकली. तीन रात्री गेल्या. संपादकांनाही कळवले, आणि त्यांनी छायाचित्रे काढून मजकूर चढवला. मग विद्यार्थ्याला पाठवली आणि शाबासकीची वाट पाहत बसलो. चौथ्या दिवशी फोन आला.

"गुरुजी, गोष्ट दोनदा वाचली. पर एक इचारू का? पहिल्या पानावर म्हातारीला दोन लेक हायेत. शेवटाला तिसरा लेक कुठनं आला?"

मी वही काढून पाहिले. तो बरोबर होता. संपादकांनी कथा वाचली होती, मुद्रितशोधकाने वाचली होती, गावातल्या चार मित्रांनी वाचून वाहवा केली होती. तिसरा लेक कोणाच्याच डोळ्यांना दिसला नव्हता.