‘ओकामी’तील कुंचला : चित्र की लिपी?

चित्रकलेपासून प्रेरणा घेणाऱ्या व्हिडिओ गेमच्या इंटरफेसची चर्चा बहुधा कागदाचा पोत, रंगसंगती आणि अक्षरांची वळणे यांपाशीच थांबते. मूळ परंपरेतील चित्रणाची क्रिया खेळणाऱ्याच्या हाती येते काय, हा प्रश्न दुर्लक्षित राहतो. क्लोव्हर स्टुडिओच्या ‘ओकामी’ (२००६, दिग्दर्शक हिदेकी कामिया) या जपानी गेमसंदर्भात तो टाळता येत नाही.

आरंभी येथे वास्तवसदृश शैली योजिली होती. प्लेस्टेशन २ या यंत्राला तिचा भार पेलेना, तेव्हा निर्माते सुमी-ए ही शाईचित्रांची आणि उकियो-ए ही काष्ठमुद्राचित्रांची परंपरा यांकडे वळले. शैलीचा उगम असा तांत्रिक अडचणीत असला, तरी तिची परिणती केवळ अलंकरणात झाली नाही. श्वेत लांडग्याच्या रूपातील अमातेरासू देवी संचार करीत असता कळ दाबताच दृश्य थिजते, पडद्याचा कागद होतो आणि त्यावर कुंचला अवतरतो. आकाशात वर्तुळ रेखिले की सूर्य उगवतो. शत्रूवरून सरळ रेघ ओढली की तो छेदला जातो. कुंचल्याची शक्ती किती उरली हे शाईच्या कुप्या सांगतात, आणि शाई पुरती आटली की देवीचे दैवी रूपच मावळते. उरतो साधा पांढरा लांडगा. एरवी चित्रावर उपऱ्यासारखे चिकटवलेले मापक येथे कथार्थाचाच घटक बनते.

तथापि यंत्र वाचते ते रेषेचा आकार. वर्तुळ सुबक असो वा किंचित वाकडे, सूर्य तोच उगवतो. सेश्शूच्या १४९५ मधील ‘हाबोकु’ निसर्गचित्रात शाईचा ओला फटकारा आणि डोंगर यांना विलग करता येत नाही. ‘ओकामी’त रेघ वाचली जाताच तिचे कार्य संपते. म्हणजे खेळणाऱ्याच्या हाती येते ती चित्रकला नव्हे, लिपी होय. पूर्व आशियात लेखन आणि चित्रण एकाच कुंचल्याने होत आले, असा बचाव संभवतो. पण त्या परंपरेत सुलेखनाचेही मूल्य फटकाऱ्याच्या गुणावरच ठरते. ‘ओकामी’चे यंत्र अक्षर ओळखते, वळण जाणत नाही. २००८ च्या वी आवृत्तीत हाताची प्रत्यक्ष हालचालच कुंचला झाली. हात चित्रकाराच्या हाताच्या इतका जवळ आल्यावर तर ही उणीव अधिकच जाणवू लागते.